समुद्रातील मुक्या रहिवाशांची मोजदाद

पिरनवाडीहून समुद्र दूर असला तरी तो आपणांस परका नाही. शेजारच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन अरबी समुद्रास मिळते. डोंगर उघडे पडले की त्यांची माती तिच्यासवे किनाऱ्यास जाते. तेव्हा त्या उथळ पाण्यात कोण राहते, हे जाणून घेणे आपलेही कर्तव्य होय.

तेथील एक जुना रहिवासी म्हणजे स्पंज. त्याला ना डोळे, ना हृदय, ना मज्जातंतू. म्हणून पुष्कळ काळ लोक त्यास वनस्पतीच समजत. वस्तुतः तो प्राणी आहे. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म जंतू व अन्नकण टिपतो आणि गाळलेले पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर सोडतो. कित्येक जाती दिवसाकाठी स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतात. मात्र पाण्यात गाळ वाढला की हीच छिद्रे बुजू लागतात.

जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. पण ती करणे सोपे नव्हे. एकच जात प्रवाहानुसार निरनिराळे रूप धारण करते. म्हणून अंगातील सूक्ष्म कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच तिची ओळख पटवावी लागते. डॉ. पी. ए. थॉमस यांनी मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर येथील २७५ जातींचे वर्णन १९८५ साली प्रसिद्ध केले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ पोखरणारी एक नवी जात २०१९ मध्ये जाहीर झाली. तिला त्यांच्याच सन्मानार्थ 'क्लायोना थॉमसी' हे नाव मिळाले.

कोणी विचारील, स्पंज मोजून पोट भरते काय? आमचे उत्तर असे : कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात १९५० च्या सुमारास काही अपूर्व द्रव्ये सापडली, त्यांच्या धाग्याने जात सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध सिद्ध झाले. त्या स्पंजाकडे कोणी पाहिलेच नसते तर? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु घरात काय आहे याची यादीच नसेल, तर चोरी झाल्याचे कळणार कसे? रक्षणाआधी गणना हवी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी इसवण कोणती नि बांगडा कोणता, हे लहान पोरही सांगते. जे ताटात येत नाही, त्याची मात्र आम्ही चौकशी करीत नाही. ही वृत्ती सोडली पाहिजे.

आणि त्यासाठी समुद्रच हवा असे नाही. हेन्री जॉन कार्टर या मुंबईतील शल्यवैद्याने तेथील तळ्यांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचे वर्णन १८४९ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडेही तळी आहेत. वडीलधाऱ्यांसह काठावर जावे, पाण्यातील दगड-काटक्या निरखाव्यात, काही न ओरबाडता स्थळ, दिनांक व चित्र वहीत उतरावे. स्पंज आढळो वा न आढळो, ती प्रामाणिक नोंद पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.