लेन्स बदलली की मीटर चुकतो, तेव्हा

करमाळ्याच्या छायाचित्रकाराला लग्नसराईत १८-५५ लागते आणि हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की लांब पल्ल्याची टेलिफोटो. बॉडी तीच, पण एका लेन्सवर फोटो काळवंडतात, दुसरीवर फटफटीत येतात. मग ‘मीटर गेला’ असा निकाल लावून कॅमेरा थेट पुण्याला दुरुस्तीला जातो. बहुतेक वेळा मीटर ठणठणीत असतो.

कमलाभवानी मंदिराच्या आवारात रुंद लेन्सने दीपमाळ टिपून पाहा. निम्मी चौकट आकाशाची, त्यामुळे दगड काळा पडतो. तिथेच २०० मिमीने नुसता दगड घेतला की तोच उजळतो. मीटर समोरचे सगळे मध्यम करडे धरून चालतो, एवढेच. म्हणून दोन लेन्सची तुलना करायची तर दोन्हींत चौकट एकाच सपाट पृष्ठभागाने भरली पाहिजे.

खरा दोष अनेकदा अ‍ॅपर्चरच्या पात्यांत असतो. डीएसएलआर मोजमाप घेतो ते अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून. पाती मिटतात ती क्लिकच्या क्षणी. उन्हात गाडीत राहिलेल्या लेन्समधले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरले, की ती आळसावतात. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो बरोबर आणि एफ ११ ला उडालेला, ही त्याची खूण. तपासणी घरीच होते. भर उन्हातली, प्लास्टर केलेली, न रंगवलेली भिंत घ्या. मॅन्युअल मोड, आयएसओ १००. एफ ४ ला १/१६००, एफ ८ ला १/४००, एफ १६ ला १/१००. तिन्ही फोटोंचा मधला भाग सारखाच उजळ हवा. एफ १६ चा फोटो जास्त उजळ आला, तर पाती अडकताहेत. असे फोटो संगणकावर सावरून वेळ मारून नेणे मला धोक्याचे वाटते. आज थोडी अडणारी पाती उद्या ऐन अक्षतांच्या वेळी पूर्ण अडतात.

स्वस्त झूमची गोष्ट वेगळी. १८-५५ झूम करताना एफ ३.५ चे ५.६ होते, म्हणजे सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश जातो. मॅन्युअल फ्लॅशवर वधूवरांचा क्लोजअप काळा येतो तो यामुळेच; सुरुवातीलाच एफ ५.६ लावा. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० वर जुनी एआय लेन्स लावली तर मीटर चालतच नाही. तो बिघाड नव्हे, तशीच रचना आहे. आणि कधी दोष नुसत्या मळलेल्या संपर्कबिंदूंचा असतो; ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला दोन मिनिटे पुरतात.

तुळशीचे लग्न लागण्याआधी प्रत्येक लेन्स प्रत्येक बॉडीवर भिंतीसमोर तपासा आणि फरक वहीत लिहा. फरक दर वेळी तेवढाच येत असेल, तर कॉम्पेन्सेशन देऊन लेन्स खुशाल वापरा. दर क्लिकला बदलत असेल, तर ती लेन्स मांडवात नेऊ नका. आधी दुरुस्तीला द्या.