सावडीच्या पाळ्या आणि मोबाइलचे कॅलेंडर



उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. वाफे भिजवून ठेवले, रोप उपटून बांधावर आणले, आणि ज्यांच्या भरवशावर हे केले त्या सावडीच्या बाया दुसऱ्याच वावरात! त्यांनाही बोल लावता येत नाही, त्यांना तारीखच वेगळी कळली होती. रोप तेवढ्यात सुकते, आणि मनात पडलेली अढी वर्षभर निघत नाही.

हल्ली निरोप व्हॉट्सअॅपवर जातात. पण सुप्रभात, बाजारभाव आणि वाढदिवस यांच्या ढिगात मंगळवारची पाळी सापडत नाही. त्यापेक्षा मोबाइलवरचे सामाईक कॅलेंडर बरे. एकाने तारखेच्या घरात नोंद केली की ती साऱ्यांच्या मोबाइलवर दिसते, आणि आदल्या दिवशी आठवणीची घंटाही वाजवता येते. मात्र अशी कॅलेंडरे पुष्कळ आहेत. निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ते सर्वांकडे चालेल का? २००६ साली निघालेले गुगल कॅलेंडर फुकट आहे. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर गुगलचे खाते आधीच असते, त्यामुळे नव्याने थोडेच शिकावे लागते. नेक्स्टक्लाउडसारखी व्यवस्था स्वतःच्या ताब्यात राहते, पण ती सांभाळायला जाणकार माणूस हवा. दहा-बारा घरांच्या सावडीला तो खटाटोप नको.

दुसरी, रेंज गेली तर? आधी उतरलेल्या नोंदी रेंज नसतानाही दिसल्या पाहिजेत. नवा बदल रेंज आल्यावरच कळणार, म्हणून आयत्या वेळी पाळी बदलली तर फोन करावाच.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, लिहिण्याचा अधिकार कोणाला? गुगलवर 'फक्त पाहणे' आणि 'बदल करणे' असे अधिकार वेगवेगळे देता येतात. आपल्या शेजारच्या बागलाणात मोसम नदीवरची जुनी फड पद्धत आठवा. पाण्याची पाळी सर्वांना ठाऊक, पण पाणी फिरवण्याचे काम पाटकऱ्याचे. तसेच येथेही करावे. लिहिणारे दोघे, पाहणारे सारे. दोन पाळ्या एका दिवशी आल्या तर कॅलेंडर त्या शेजारीशेजारी दाखवील. तंटा मात्र माणसांनीच मिटवायचा. कॅलेंडर 'सार्वजनिक' ठेवू नये, आणि उसनवारीचे आकडे त्यात कधीच लिहू नयेत.

चौथी, उद्या दुसरे कॅलेंडर घ्यायचे झाले तर नोंदी बाहेर काढता येतात का? आयकॅलेंडर या नावाचा ठरलेला नमुना आहे. त्यात नोंदी उतरवून देणारे कॅलेंडरच घ्यावे.

आता मुद्द्याचे. पुष्कळ घरांत मोबाइल घरधन्याच्या खिशात असतो आणि लागवडीला जाते घरची बाई. घंटा वाजते चांदवडच्या बाजार समितीत, आणि जिला जायचे तिला पत्ता नाही! याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. शेतात राबणाऱ्या बाईला तिच्या कामाचा मान मिळावा, हे तेथे जाहीरपणे मांडले गेले. तेव्हा पाळीची तारीख तिच्या हाती असावी, एवढे तरी आपण करू या. तिचा मोबाइल असेल तर तिचेच खाते जोडा. नसेल तर दर रविवारी आठवड्याच्या पाळ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठळक अक्षरांत उतरवा.

पहिला महिना दोन्ही चालवून पाहा. सावडीतल्या सर्वांत वयस्क आजींना उद्या कोणाच्या वावरात जायचे ते न विचारता कळले, तर तुमची निवड बरोबर ठरली असे समजा.