दोन आजार, एकच ताट



आज पाठ्यपुस्तकातला धडा नाही, पण विषय शिकण्यासारखाच आहे. पीसीओडी आणि आयबीएस हे दोन्ही त्रास एकाच बाईला असले तर तिनं जेवायचं काय? या दोन्हींना सोबत घेऊन मी रोज शाळा करते, म्हणून लिहिते आहे.

पीसीओडीत अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. म्हणून सल्ला मिळतो : भात कमी करा, डाळी-कडधान्यं वाढवा. आयबीएसवाल्याला सांगतात : कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा कमी करा, भात चालेल. दोन्ही याद्या एकदम पाळल्या तर ताटात उरतं काय? मग बायका जेवणच टाळतात. माझं मत स्पष्ट आहे : या याद्यांची बेरीज करू नका.

आयबीएससाठीची 'लो फॉडमॅप' पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं पुढे आणली. काही पदार्थांतली साखरेसारखी द्रव्यं लहान आतड्यात शोषली जात नाहीत, पुढे जाऊन पाणी ओढतात आणि आंबून गॅस करतात. पण हे पथ्य जन्मभराचं नाही. 2 ते 6 आठवडे पदार्थ बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचा आणि जो त्रास देतो तेवढाच कमी ठेवायचा. आपल्याकडे पहिली पायरी सगळे करतात, पुढच्या दोन विसरतात. आणि पीसीओडीबद्दलची 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, अमुकच एक आहार सर्वांत चांगला असा पुरावा नाही. म्हणजे मधला रस्ता आहे.

आपला भंडारा धानाचा जिल्हा. भात सोडा म्हणणं सोपं, पाळणं कठीण. भाताची वाटी लहान करा, सोबत दोडका, भेंडी किंवा पालकाची भाजी आणि मुगाचं पातळ वरण घ्या. रात्री ज्वारीची भाकर. चालत असेल तर अंडं किंवा मासोळी. लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाका. स्वाद तेलात उतरतो, त्रास देणारं द्रव्य तेलात विरघळत नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरा. जवस रोज चमचाभर, पण पाणी भरपूर प्या.

काही गोष्टी स्वयंपाकघरात सुटत नाहीत. मेटफॉर्मिननंही पोट बिघडतं, तेव्हा गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा. गहू सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची तपासणी करून घ्या. आधीच सोडला तर ती तपासणी चुकू शकते. थायरॉईडही बघा, त्यानंही बद्धकोष्ठता होते. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, पोटदुखीनं रात्री झोपमोड असं काही असेल तर थांबू नका.

आता शाळेचं. सुट्टी संपायची घंटा होते तरी बाईंचा डबा उघडलेला नसतो, आणि संडास नीट नाही म्हणून पाणीही पीत नाहीत. असं असेल तर कोणतंही पथ्य टिकणार नाही. जेवणाची वेळ आणि स्वच्छ संडास हा आहाराचाच भाग आहे, आणि तो एकट्या बाईनं सांभाळायचा नाही.

पालकांनो, वयात येणारी मुलगी पोट दुखतं म्हणाली तर "नाटक करते" म्हणू नका. मोबाईलवरची यादी वाचून तिचं दूध, पोळी, डाळ बंदही करू नका. तिची वाढ अजून व्हायची आहे. आधी डॉक्टर, मग आहारतज्ज्ञ, मग ताट.

तुमच्या घरी काय चालतं, काय बाधतं? दोन आठवडे वहीत लिहून बघा. दुसऱ्याच्या यादीपेक्षा ती वही जास्त कामाची ठरेल.