भयाचा जमाखर्च

चित्रपटाच्या व्यवसायात अद्भुत भयपट हा प्रकार फार पूर्वीपासून अल्प भांडवलाच्या निर्मात्यांचा आश्रय ठरला आहे. ज्याच्यापाशी नामांकित नट नाहीत, दूरदेशी चित्रीकरण करण्याची ऐपत नाही आणि वितरकांच्या दारी पत नाही, असा होतकरू माणूस पहिल्या चित्रपटासाठी बहुधा भुताचीच कथा निवडतो. कारण या प्रकारात प्रेक्षक नटाच्या नावाकडे पाहून न येता भयाच्या अपेक्षेने येतो, अशी त्याची समजूत असते, आणि ती खोटी नाही. तरीही अशा शेकडो चित्रपटांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच विस्मृतीत जातात आणि एखादाच पन्नास-ऐंशी वर्षे लोकांच्या मनात घर करून राहतो, याचे कारण रकमेच्या कमीअधिकपणात शोधणे मला व्यर्थ वाटते. ते शोधावे त्या तुटपुंज्या रकमेच्या वाटणीत : तिच्यातील किती भाग भुताला उभे करण्यात खर्ची पडला, आणि किती भाग जिवंत माणसांना, त्यांच्या वास्तूला व त्यांच्या कानांवर पडणाऱ्या आवाजांना मिळाला. ज्याने आपली पुंजी भुतावर लावली तो बहुधा बुडाला आणि ज्याने ती जिवंतांवर लावली त्याच्या पडद्यावर भूत आपोआप अवतरले, असे माझे ठाम मत आहे.

या मताला सर्वांत सबळ आधार मिळतो तो १९४२ साली हॉलिवुडच्या आरकेओ कंपनीत घडलेल्या प्रकारात. ऑर्सन वेल्सच्या महत्त्वाकांक्षी चित्रपटांनी कंपनीच्या तिजोरीत अपेक्षित भर न टाकल्यामुळे नव्या व्यवस्थापनाने स्वस्त भयपट काढण्याचे एक स्वतंत्र खाते उघडले, आणि ते व्हॅल ल्यूटन या, तोवर डेव्हिड सेल्झनिकच्या पदरी कथाविभाग सांभाळणाऱ्या, बहुश्रुत गृहस्थाच्या हवाली केले. अटी तीन होत्या : खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि नाव कंपनी देईल ते. पहिले नाव मिळाले 'कॅट पीपल'. या नावाखाली मुखवटे चढवलेल्या नटांचा एखादा ओबडधोबड तमाशा सहज उभा राहिला असता, आणि कंपनीला तेवढ्याने समाधानही वाटले असते. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी मात्र एका विवाहाची कथा सांगितली. सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली इरेना ही चित्रकार तरुणी, मनात वासना जागी झाली की आपले रूपांतर हिंस्र श्वापदात होईल अशा वडिलार्जित भयाने ग्रासलेली असल्यामुळे, लग्न होऊनही पतीला जवळ येऊ देत नाही; पती समजूतदार आहे, पण समजूतदारपणालाही मुदत असते, आणि ती संपत येते तसतसा तो कचेरीतील ॲलिस नावाच्या सहकारी स्त्रीकडे ओढला जातो. यात अद्भुत काय आहे, असे कोणी विचारील, तर पहिला बराच वेळ काहीच नाही, हे उत्तर आहे. आणि त्या काहीच नसण्यावरच पुढचा सारा डोलारा उभा आहे.

सेंट्रल पार्कच्या कडेने ॲलिस रात्री एकटी चालली आहे. मागून इरेनाच्या उंच टाचांचा आवाज येत आहे. दिव्यांच्या उजेडाची वर्तुळे आणि त्यांच्यामधला काळोख यांतून आलटून पालटून दोघी जात असताना एका क्षणी मागचा आवाज थांबतो, एवढेच घडते. संगीत नाही, किंकाळी नाही. ॲलिसची पावले भराभर पडू लागतात, आणि आता काहीतरी झडप घालणार अशी आपली खात्री झाली असताना फुत्कारासारखा आवाज करीत एक बस पडद्यात शिरते व तिच्यासमोर थांबते. या युक्तीला ल्यूटनच्या मंडळींत पुढे 'बस' हेच नाव पडले आणि तिची नक्कल आजतागायत चालू आहे. परंतु नक्कल करणाऱ्यांनी उचलला तो फक्त शेवटचा दचका. त्याच्या आधीची पावले, आणि ती ऐकू येतील इतकी राखलेली शांतता, यांची दखल फारच थोड्यांनी घेतली.

तळघरातील पोहण्याच्या तलावाचा प्रसंगही असाच आहे. छतावर हलणारे पाण्याचे कवडसे, कुठूनशी येणारी गुरगुर, मधोमध पाण्यात भयाने हातपाय मारणारी ॲलिस; आणि दिवे लागल्यावर काठाशी उभी असलेली, अगदी शांत, इरेना. श्वापद कुठेही नाही. पण बाहेर आल्यावर ॲलिसच्या झग्याच्या चिंध्या झालेल्या दिसतात, आणि तो पुरावा पाहून प्रेक्षकाच्या मनातील न्यायाधीश कायमचा अस्वस्थ होतो. कंपनीच्या वरिष्ठांनी पुढे आग्रह धरला की जनावर पडद्यावर दिसलेच पाहिजे. तेव्हा आराखडे काढण्याच्या कचेरीतील एका प्रसंगात ते दाखवावे लागले, पण तूर्नरने तेथे प्रकाशाची इतकी काटकसर केली की ते दिसले म्हणावे की भासले, याचा निर्णय होऊ नये. इरेनाच्या इमारतीतील भव्य जिना वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'साठी बांधलेला, म्हणजे कंपनीच्या आवारात आयताच उभा असलेला होता. पैसा जिथे वाचू शकत होता तिथे वाचवला गेला, आणि वाचलेले सारे लक्ष छाया, ध्वनी व एका स्त्रीचा एकाकीपणा यांना मिळाले.

ल्यूटनच्या पुढच्या वर्षीच्या 'द लेपर्ड मॅन'मध्ये भूत नाही, तरी त्यातील एका प्रसंगाचा उल्लेख टाळता येत नाही. गावात बिबट्या सुटला आहे, आणि मक्याचे पीठ आणण्यास नाखूश असलेल्या मुलीला आई घराबाहेर काढून दाराला कडी घालते. मुलगी पीठ घेऊन परतते, दार ठोठावते, विनवते; आई हा आणखी एक बहाणा समजते. मग विनवणीचा सूर बदलतो, आई धावते, कडी अडकून बसते, आणि दाराखालून रक्ताचा ओघळ आत येतो. या प्रसंगाला एक दार आणि दोन नटी एवढाच सरंजाम लागला. एरवी कोणत्याही घरात पिठावरून होणाऱ्या कुरबुरीला मृत्यूने असे उत्तर द्यावे, यातील क्रौर्य कोणत्याही रंगभूषेच्या आवाक्यातले नाही.

'कॅट पीपल'नंतर वीस वर्षांनी, १९६२ साली, कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी शैक्षणिक व औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या एका कंपनीतील दिग्दर्शकाने रजा काढून सुमारे तेहतीस हजार डॉलरांत एकच कथाचित्र काढले. हर्क हार्वी हे त्याचे नाव, आणि 'कार्निव्हल ऑफ सोल्स' हे त्या चित्राचे. प्रवासात त्याने युटामधील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाची एक ओसाड पडलेली करमणुकीची वास्तू पाहिली होती; कथा तिच्यावरून सुचली, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. पुलावरून मोटार नदीत कोसळल्यावर एकटीच वर आलेली मेरी नावाची तरुणी दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी धरते, आणि एक पांढऱ्या चेहऱ्याचा पुरुष तिला काचांतून, वाटांवरून दिसू लागतो. ती भूमिका हार्वीने स्वतःच चेहऱ्याला रंग फासून केली. भुतावर झालेला खर्च तो एवढाच. चित्रपटातील खरा थरकाप भर दिवसा, कपड्यांच्या दुकानात घडतो : मेरी बोलते आहे, पण विकणाऱ्या बाईला ती दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि भोवतालच्या शहराचा सगळा आवाज एकाएकी नाहीसा होतो. ध्वनिपट्टीवरील आवाज काढून टाकायला पैसे पडत नाहीत. तो नेमका कुठे काढावा हे कळायला मात्र दिग्दर्शक लागतो. प्रदर्शनाच्या वेळी हे चित्र जवळजवळ कोणी पाहिले नाही; पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवर अपरात्री ते दाखवले जाऊ लागले तेव्हा त्याचा लौकिक वाढला, आणि १९८९ साली ते पुन्हा चित्रगृहांत आले.

अलीकडची दोन उदाहरणे सर्वश्रुत असल्यामुळे त्यांचा ओझरता निर्देश पुरे. मेरीलँडच्या रानात नटांच्याच हाती कॅमेरे देऊन १९९९ साली आलेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने चेटकीण एकदाही न दाखवता जगभर जवळपास पंचवीस कोटी डॉलरांचा गल्ला जमवला. पुढच्याच वर्षी दीड कोटी डॉलर खर्चून काढलेल्या त्याच्या उत्तरार्धाची बहुतेक समीक्षकांनी निर्भर्त्सना केली. ओरेन पेली याने सॅन डिएगोमधील स्वतःच्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरांत काढलेल्या 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'मध्ये शयनगृहाच्या कोपऱ्यात कॅमेरा निश्चल उभा असतो, पडद्याच्या कडेला रात्रीची घटका-मिनिटे सरकत असतात, आणि निजलेल्या जोडप्याच्या पलीकडच्या उघड्या दाराची राखण प्रेक्षकालाच करावी लागते.

आपल्याकडे या प्रकाराची गादी रामसे बंधूंनी चालवली. एक भाऊ लेखन करी, एक कॅमेरा, एक ध्वनी, एक संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन. १९७२ सालचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी सारे कुटुंब बरोबर घेऊन महाबळेश्वरी चित्रित केला. जुन्या वास्तू, धुके आणि ओले जंगल यांचे मोल या मंडळींना पक्के कळलेले होते, आणि त्यांच्या अनेक चित्रपटांचा आरंभीचा भाग आजही अंगावर काटा आणतो. १९८४ साली 'पुराना मंदिर'ला मोठे यश मिळाले तेव्हा त्यातील सामरी हा सैतान पडद्यावर उघड उघड दिसत होता, हे मी नाकारीत नाही. प्रेक्षकाला भूत पाहायचेच असते असे म्हणणाऱ्यांचा तो हुकमी साक्षीदार आहे. परंतु त्या यशात अनिरुद्ध अगरवाल या नटाच्या असामान्य उंचीचा व चेहऱ्याचा वाटा मोठा होता; शिवाय त्याच चित्रपटात 'शोले'चे विडंबन करणारे जगदीपचे उपकथानक घुसडल्यामुळे साठवलेले भय दर काही मिनिटांनी गळून जाते, याचीही नोंद त्याच साक्षीत करावी लागेल. पुढे नक्कल करणाऱ्यांनी रबरी मुखवटा तेवढा घेतला आणि महाबळेश्वरचे धुके टाकून दिले.

वस्तुतः जे दिसत नाही त्याची खूण दाखवण्याची कला आपल्या भूमीला परकी नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याची भलीमोठी पायताणे अर्पण करतात, आणि रात्री गावाच्या रक्षणार्थ फिरल्यामुळे ती झिजतात अशी श्रद्धा आहे. देवाला फिरताना कोणी पाहण्याची गरज तेथे उरत नाही. झिजलेला तळवा पुरेसा असतो. आपल्या लोकसमजुतीतील पिशाच्चांनाही प्रत्येकी एकेक फिर्याद असते : मुंज झाली पण संसार पाहिला नाही असा मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते, द्रव्याचा किंवा वंशाचा लोभ न सुटलेला समंध होतो. मृताचे जिवंतांकडे काही येणे राहिलेले असते, आणि ते येणे कोणते, हे ज्या पटकथेला ठाऊक नसते तिच्यातील भूत केवळ दारे आपटीत राहते.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा २०१७ साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. कर्जाच्या तगाद्यामुळे शहर सोडलेले जोडपे, गरोदर पत्नी, उसाच्या फडांनी वेढलेले एकाकी घर, आणि काळजी घेणाऱ्या थोरल्या बाईच्या भूमिकेत उषा नाईक. पुरता वाढलेला ऊस दोन हातांवरचे माणूस गिळून टाकतो, त्याची पाती कातडीला कापते आणि वारा नसतानाही आत कोणीतरी चालल्यासारखी सळसळते, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्या फडाला दिग्दर्शकाने चक्रव्यूहाचे रूप दिले, आणि तेही पुष्कळसे भर उन्हात. भुतांची फिर्याद मुलीचा जन्म नाकारणाऱ्या घराविरुद्ध असल्यामुळे मायेने भरवणारा हातच संशयास्पद होतो, आणि भीतीची मुळे थेट आपल्या घराघरांतल्या वंशाच्या दिव्याच्या बोलण्यापर्यंत जातात. चित्रपटाच्या अखेरीस खुलासा जरा लांबला आहे. पण पूजा सावंत यांचा दमलेला, घामेजलेला, आठवा महिना वागवणारा देह इतका खरा आहे की तो दोष मला सहज क्षम्य वाटतो.

याउलट, आज दर वर्षी येणारे आणि जाणारे अल्पखर्ची भयपट पाहावेत तर चुकीची वाटणी पहिल्या दहा मिनिटांतच उघडी पडते. संगणकावर घडवलेल्या प्रेतात्म्यासाठी मोठी तरतूद, आणि संवादांसाठी मात्र नंतर बंद खोलीत घेतलेले, कोणत्याही वास्तूचा घुमारा नसलेले आवाज. वाड्यात राहायला आलेली माणसे, पण त्या वाड्यात चूल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आणि प्रत्येक दाराला तबल्या-व्हायोलिनांचा असा कल्लोळ की दार स्वतः कसे करकरते ते कधी ऐकूच येऊ नये. आंधळा काळोख आणि योजलेला काळोख यांतील भेद छायालेखकाला कळत असूनही त्याला पुरेशा रात्री दिल्या जात नाहीत, कारण दिवस वाचवले म्हणजे पैसा वाचला असा हिशेब निर्मात्याच्या दप्तरी असतो.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्या वाड्यांना, गल्ल्यांना आणि मध्यमवर्गीय खोल्यांना भयाची भाषा दिली, तिचा वारसा मराठी निर्मात्याच्या हाताशी आहे. धारपांच्या कथेची प्रेरणा घेतलेल्या 'तुंबाड'साठी राही अनिल बर्वे खऱ्या पावसाची वाट पाहत वर्षानुवर्षे थांबले. तो चित्रपट अल्पखर्ची नव्हता, आणि एवढी सबुरी प्रत्येकाला परवडणार नाही हे मान्य आहे. पण जो निर्माता भुताच्या रंगभूषेचे नमुने घेऊन भांडवलासाठी येतो, त्याला भांडवलदाराने प्रथम विचारावे की त्या घरात स्वयंपाक कोण करते, कर्ज कोणाचे आहे, आणि मेलेल्याचे कोणाकडे काय राहिले आहे. उत्तरे समाधानकारक मिळाली तर मुखवट्याची रक्कम अंदाजपत्रकातून काढून तिच्यातून ध्वनिमुद्रकाला चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी त्या गावी पाठवावे, म्हणजे तेथील रात्रीचे आवाज त्याला चित्रपटासाठी हवे तितके टिपून आणता येतील.