उधन्याच्या मराठी माणसाची बातमी कोण देणार?

शेतकरी आणि मच्छीमार बांधवांनो, सुरतेजवळच्या उधन्यात यंत्रमागांच्या खडखडाटातही अहिराणी कानी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारचे कोरडवाहू शेतकरी रेल्वेने पोटासाठी तिथे गेले आणि तिथलेच झाले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगले. आकाशवाणी-दूरदर्शनची प्रादेशिक बातमीपत्रेही त्याच रेघेने वाटली गेली: मुंबईची मराठीत, अहमदाबादची गुजरातीत. मग उधन्याच्या मराठी कामगाराने कोणत्या बातमीपत्रात बसायचे? त्याचे कान गावाकडच्या पावसाकडे आणि पोट मागाकडे! जळगावला १९७६ साली आकाशवाणी आली, पण तिचा श्रोता तोवर गाव सोडू लागला होता.

तुम्ही म्हणाल, मास्तर, बातमीने पोट भरते काय? दर्यावर जाणाऱ्याला विचारा. वादळाचा इशारा आपल्या भाषेत कळला तरच होडी काठाला राहते. अध्यापनाच्या शिक्षणात आम्हांला बजावले होते, हजेरीत ज्याचे नाव पुकारत नाहीत ते पोर हळूहळू शाळेला येणे सोडते. उधन्याचेही तेच चालले आहे.

२०२३ साली पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा हुकूम निघाला. ओरड झाली, लागलीच स्थगिती मिळाली. ओरडणारे पुण्याचे होते म्हणा! २०२४ साली मराठी अभिजात ठरली, हारतुरे झाले. उधन्याला त्यातले काय पोचले?

मागणी एवढीच: अहमदाबादहून रोज पाच मिनिटे मराठी बातम्या. तुमचा भाऊबंद तिकडे असेल, तर आकाशवाणीला एक पोस्टकार्ड टाका. सही करा, गावाचे नाव घाला.