मैदान आणि पेपर, दोन्ही सगळ्या पोरांचे



शाळेत दोन गोष्टींवर सर्वांत आधी कुऱ्हाड पडते. दहावीचा अभ्यास उरकायचा म्हणून खेळाचा तास गणिताला जातो. आणि ज्या पोराचा हात लिहिताना चालत नाही, ज्या पोरीला फळ्यावरचे दिसत नाही, त्यांच्यावर ‘जमत नाही’ असा शिक्का बसतो. पालकसभेत याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. ते आता उघडले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

‘शेतकऱ्याच्या पोराला कसली पीटी? वावरात मेहनत कमी होते का?’ असे विचारणारे गावोगाव भेटतात. दिवसभर वाकून कापूस वेचला की कंबर धरते. त्यात पळणे नाही, उडी नाही, चार जणांत मिळून जिंकणे-हरणे नाही. ते काम आहे, खेळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले, की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. अपंग मुलांनाही तिने हेच माप लावले आहे. आपल्याकडे मात्र पाय अधू असलेला पोरगा खेळाच्या तासाला दप्तरे राखत बसतो.

सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथल्या करगणी गावच्या सचिन खिलारी यांचा एक हात अधू आहे. 2024 साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी गोळाफेकीत रौप्यपदक आणले. प्रत्येक पोर पदक आणणार नाही. पण मैदानात पाऊलच टाकू दिले नाही, तर कोणाच्या अंगात काय आहे हे कळणार कसे?

परीक्षेचेही तेच. पेरताना तिफणीचा नळ तुंबला तर आपण बैल थांबवतो आणि नळ मोकळा करतो. बियाणे वाईट म्हणून फेकून देत नाही. डोके तल्लख पण लिहायला अडखळणाऱ्या पोराचा नळ तुंबलेला असतो, बियाणे चांगलेच असते. तो नळ मोकळा करण्याची सोय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद कलम 17 मध्ये आहे. खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, हे कलम 16 सांगते. लेखी परीक्षांसाठी केंद्राने 2018 साली काढलेल्या सूचनांत ताशी किमान 20 मिनिटे जादा वेळ धरला होता. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की लिहिण्याची खरी अडचण असेल तर केवळ 40 टक्के अपंगत्व भरत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही.

‘ही तर सवलतीची खिरापत,’ असे कोणी म्हणेल. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच. जादा वेळ मिळाला म्हणून न येणारे उत्तर येत नाही, येणारे उत्तर तेवढे कागदावर उतरते.

मग अडते कुठे? अडते ते वेळेवर न हलल्याने. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्याला हेलपाटे पडतात, एकेका हेलपाट्याला मजुरी बुडते. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ केली तर कागद टेबलावर राहतो आणि पोरगा पेपरात नापास होतो.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. पेरण्या उरकल्या की नववी-दहावीच्या वर्गात चौकशी करा. अडचण असलेल्या मुलांच्या पालकांना एकाच दिवशी, एकाच गाडीने जिल्ह्याच्या गावी न्या. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वेळापत्रकात खेळाचा तास आहे का, तो मैदानावर होतो का, त्यात पोरी आणि अपंग मुले उतरतात का, हे पालकसभेत विचारा. वेचणीच्या दिवसांत पोरीला शाळेतून काढू नका.

ही कोणाची मेहेरबानी नाही. कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि हक्काची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, हे बाजार समितीत माल घालणाऱ्याला निराळे सांगायला नको.