पोस्त, पेढे आणि पूर्ण बिल

खंडेनवमीला आपण पाने, पटाश्या, रंधे, टेस्टर, ड्रिल मशीन सगळे पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत कामाला लागलो. आता दिवाळीपर्यंत रंगारी मंडळींना मान वर करायला फुरसत नाही. ‘लक्ष्मीपूजनाच्या आत निदान हॉल तरी आटपा’ हे वाक्य ते सकाळ-संध्याकाळ ऐकत असतील. याच दिवसांत गिऱ्हाईक मजुरीच्या वर काहीतरी हातावर ठेवते. कोणी पोस्त म्हणून शंभर-दोनशे देते, कोणी फराळाची पिशवी, कोणी शर्टपीस, कोणी पोरांसाठी फटाके. लोकांच्या घरात जाऊन काम करणारे आपण प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी. आपल्या कामाचे कौतुक गिऱ्हाईक कसे करते आणि आपण ते कसे घ्यावे, यावर आपल्यात फारसे बोलले जात नाही. दरांवर बोलतो, मालावर बोलतो, थकलेल्या पैशांवर तर रोजच बोलतो. कौतुकाचा विषय निघाला की ‘ज्याची त्याची मर्जी’ म्हणून पुढे जातो. मला तो सोडून देण्याजोगा वाटत नाही, कारण आपले बरेच नुकसान तिथेच होते.

हिशेबाची शेवटची दहा मिनिटे आठवा. बाथरूमचे काम पुरे झालेले आहे. जुनी जीआय लाइन काढून सीपीव्हीसी टाकली, दोन अँगल कॉक बदलले, मिक्सर बसवला, पाणी सोडून एकही सांधा पाझरत नाही हे दाखवले. वहिनींनी स्वतः नळ फिरवून पाहिला. ‘काम अगदी झकास झालं हो दादा. मागच्यानं नुसता घोळ घालून ठेवला होता.’ आतून पेढ्यांचा बॉक्स आला. बिल झाले आहे ४,३५० रुपये. साहेबांनी पाकीट काढून चार हजार मोजले आणि म्हणाले, ‘वरचं सोडा आता, घरचंच समजा.’ हातात पेढे घेऊन उभा असलेला माणूस साडेतीनशे रुपयांसाठी हुज्जत कशी घालणार? तो हसतो, पैसे खिशात ठेवतो आणि जिना उतरतो. ते साडेतीनशे म्हणजे त्याच्या हेल्परची अर्ध्या दिवसाची हजेरी होती.

त्या घरातल्या माणसांच्या मनात कपट असते असे मी म्हणणार नाही. काम त्यांना खरोखर आवडलेले असते, पेढेही मनापासून दिलेले असतात. पण कौतुक आणि दाम ही त्यांच्या लेखी एकाच खात्यातली रक्कम असते. एक वाढवले की दुसरे थोडे कमी केलेले चालते. खरे दुखणे हे की आपणही तसेच मानतो.

ही समजूत जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ साली निघाले. बलुतेदारीचा व्यवहार कसा चाले हे समजून घ्यायचे तर आजही त्याच पुस्तकाकडे जावे लागते. सुतार म्हणजे थोरल्या ओळीचा बलुतेदार. कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर, गाडा वर्षभर चालता ठेवायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. वर सणावाराला मान, लग्नकार्यात मान, नव्या घराची चौकट उभी राहिली की नारळ, टोपी, उपरणे. धान्य हे दाम आणि टोपी-उपरणे हा मान. पण दोन्ही यायचे एकाच हातून. पीक बुडाले की बलुते आटायचे, आणि काम जन्माने ठरलेले असल्यामुळे हे घर सोडून दुसरे धरायची मुभा फारशी नसायची. त्या दिवसांत माया होती, आपलेपणा होता, असे सांगणारी वडीलधारी मंडळी भेटतात. असेलही. पण नुसत्या मायेवर पोट भरावे लागणाऱ्याला भाव सांगायची ताकद नसते. आज आपण लोकांच्या घरात शिरतो ते हातातल्या कसबावर. इलेक्ट्रिशियनला आयटीआयची दोन वर्षे घालवावी लागतात, प्लंबरला एक, आणि त्यानंतर उस्तादाच्या हाताखालची वर्षे वेगळीच. या कसबाला दर आहे. तो दर म्हणजे गिऱ्हाइकाचे उपकार नव्हेत.

त्याचबरोबर मान देण्याच्या जुन्या जागाही गेल्या, याचे मला वाईट वाटते. स्वतःचे घर बांधणाऱ्याकडे, गावाकडे आणि कोकणात, चौकटीची पूजा अजून होते, स्लॅब पडला की गवंडी आणि सेंटरिंगवाल्यांना गोडाचे जेवण मिळते. फ्लॅटमध्ये चौकटी बिल्डरने आधीच बसवलेल्या असतात. किचनचे खोके कारखान्यातून येते, आपला सुतार दोन दिवस जाऊन ते जोडतो, आणि त्याचे नावही घरातल्यांना ठाऊक नसते. कारागिरासमोर घरधनी दोन मिनिटे उभा राहील असा प्रसंगच उरलेला नाही. उरला आहे तो चहा.

चहाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवे. बहुतेक घरांत चहा मिळतो आणि तो चांगल्या मनाने दिलेला असतो. अकराच्या सुमाराला ‘दादा, हात धुवून घ्या, चहा टाकलाय’ अशी हाक आली की अंगात हुशारी येते, हे आपल्यातला प्रत्येकजण सांगेल. पण तो कप कुठला, हेही आपण पाहतो. घरची माणसे एका सेटमधल्या कपांतून पितात आणि आपल्यासाठी बाल्कनीच्या ग्रिलवर, झाडांच्या झारीशेजारी ठेवलेला टवका उडालेला कप खाली येतो. पिऊन झाल्यावर तो विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा असतो. कोणी काही बोलत नाही. हात सिमेंटचे, म्हणून सोयीला कागदी कप दिला, तर त्यात वावगे काही नाही. पण कामवाल्यांचा म्हणून वेगळा काढून ठेवलेला कप कशासाठी असतो हे न कळण्याइतके आपण लहान नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्यासाठी सत्याग्रह झाला तो याच महाराष्ट्रात, आणि संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली त्यालाही पाऊण शतक झाले. माझे मत स्पष्ट आहे. असा चहा घेऊ नये. भांडण नको, टोमणा नको. ‘नको वहिनी, माझं झालंय’ एवढे म्हणावे, आपल्या बाटलीतले पाणी प्यावे आणि काम मात्र नेहमीसारखेच चोख करून द्यावे.

कपापेक्षा मोठा प्रश्न संडासचा आहे आणि त्यावर आपण लाजेने गप्प राहतो. ज्या घरात दिवसभर काम करायचे तिथे लघवीला जायचे म्हटले की खाली वॉचमनच्या संडासात जा असे सांगतात. बाराव्या मजल्यावरून खाली जायचे, तिथे कुलूप असेल तर किल्ली शोधायची, परत वर यायचे. जो कमोड आपणच सकाळी व्हाइट सिमेंट भरून बसवला, तो वापरायला आपल्यालाच मनाई. रंगकामाला आणि साफसफाईला आपल्याबरोबर बायका येतात, त्यांचे हाल तर बोलायलाच नकोत. दिवसभर पाणी न पिण्याची सवय कित्येकींनी लावून घेतली आहे. गिऱ्हाइकाने आपला मान ठेवला की नाही हे मी पोस्तीवरून ओळखत नाही, या एका गोष्टीवरून ओळखतो. आणि हे सुधारण्याचा एक मार्ग आपल्या हातात आहे. कामाच्या पहिल्या दिवशी मेन स्विच कुठे, मेन कॉक कुठे हे विचारतो, त्याच सुरात विचारावे: ‘आमच्या माणसांनी संडास कुठला वापरायचा?’ खाली मान घालून नको, अजिजी नको. दर ठरायच्या आधी हे विचारले की बहुतेक लोक ‘हा बाहेरचा वापरा’ असे सरळ सांगतात. त्यांनाही तो विचार सुचलेला नसतो. वापरून झाल्यावर तो स्वच्छ ठेवणे ही मग आपली जबाबदारी.

वरची रक्कम हातावर पडली तर ती कोणाची? गिऱ्हाईक नोट देते मिस्त्रीच्या हातात, कारण बोलणे त्याच्याशी झालेले असते. भिंतीत खाचा मारून धुळीने पांढरा झालेला पोरगा मागे पिशव्या भरत असतो. नोट आली की त्याला तिथेच जवळ बोलवा आणि सगळ्यांसमोर वाटणी करा. बाहेर जाऊन दिले तरी पैसे तेवढेच, पण त्या घराने आपल्यालाही मोजले हे त्या पोराला तिथे उभे राहूनच कळते. चांगले हेल्पर टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एवढे तरी करून पाहावे.

जुन्या सामानाचेही तसेच. पितळी नळ, तांब्याची वायर, जुना गिझर, ‘हे तुम्हीच घेऊन जा’ असे म्हणून देणारी घरे पुष्कळ आहेत आणि आपल्या धंद्यात ते भंगार आपलेच असे धरून चालायची रीत आहे. रीत असली तरी विचारल्याशिवाय एक वॉशरही पिशवीत टाकू नका. गिऱ्हाइकाने दिले तर ती बक्षिसी. न विचारता उचलले तर संशय, आणि एकदा आलेला संशय कितीही चांगल्या कामाने जात नाही.

दुकानदाराच्या टक्क्याबद्दल आणि रंगाच्या डब्यांबद्दल लिहिले तर काही वाचक नाराज होतील, तरी लिहितो. कंपन्या पूर्वी डब्यात टोकन टाकत, आता क्यूआर कोड स्कॅन केला की पॉइंट खात्यात जमा होतात. कंपनीने रंगाऱ्याला दिलेली ती भेट आहे, घेण्यात गैर नाही. पण तीन डब्यांत होणाऱ्या कामाला पॉइंटसाठी चार डबे आणायला लावले, किंवा टक्का जास्त म्हणून हलका माल गळ्यात मारला, तर त्या घराने केलेले कौतुक आपण फसवून घेतले असे होते. बिलात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात पुष्कळदा हाच हिशेब चालू असतो: ‘याने मालात काढलेच असतील.’ माल गिऱ्हाइकालाच आणू द्या, यादी आपण करून द्या, आणि मजुरीचा दर पुरेसा सांगा. हे करणारे कारागीर मी पाहतो आहे. त्यांच्या बिलातून वरचे पैसे कापायला लोक कचरतात.

आता एक चांगली गोष्ट. नाशिकला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी डीबीचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला कागद चिकटवलेला. प्रत्येक एमसीबीसमोर सुवाच्य अक्षरात लिहिलेले: देवघर व हॉल, स्वयंपाकघरातला पॉवर पॉइंट, गिझर, गच्चीवरची मोटर. खाली वायरिंग कोणी केले त्या वायरमनचे नाव, महिना, वर्ष, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण केव्हा केव्हा दाबून पाहिले त्याच्या तारखा. काम चालू असताना बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, हे कशासाठी, ते कुठे जाते, असे विचारत होत्या, आणि त्यानेही कंटाळा न करता सांगितले होते. त्या वायरमनला पोस्त किती मिळाली मला ठाऊक नाही. पण त्याचे काम कोणीतरी समजून घेतले होते आणि त्यावर त्याचे नाव घातले होते. पुढे तिथे येणाऱ्या प्रत्येक वायरमनला ते झाकण उघडल्यावर आपला माणूस भेटतो. असे गिऱ्हाईक आपल्याला घडवताही येते. काम झाल्यावर पाच मिनिटे काढून कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे दाखवा. ज्याला काम कळले त्यालाच त्याची किंमत कळते.

ॲपवरून काम घेणाऱ्या तरुणांची अडचण निराळी आहे. त्यांचे पुढचे काम ताऱ्यांवर ठरते, म्हणून दारात उभे राहून ‘सर, पाच स्टार द्या ना’ अशी विनवणी करावी लागते. ती त्यांच्या पोटाची गरज आहे, त्यांना नावे ठेवणार नाही. एवढेच सुचवतो की ताऱ्यांबरोबर एक वाक्य लिहून मागा: काय काम केले, कसे झाले. तारे ॲपच्या खात्यात राहतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्याकडचं लीकेज यांनी काढलं, बिनधास्त बोलवा’ हा मेसेज तुमच्या नावावर राहतो.

आणि वास्तुशांतीला बोलावले तर जा. आपल्यातले बरेचजण संकोचाने टाळतात, नाहीतर मागच्या दाराने जेवून येतात. घरच्यांना घेऊन जा. ज्या कपाटाचे शटर तुम्ही मिलिमीटरने जुळवले त्याच्यासमोर तुमची मुलगी उभी राहू दे. दारूचे आमंत्रण मात्र हसून नाकारा, विशेषतः परांचीवर चढायचे किंवा लाइव्ह लाइनवर हात घालायचा असेल तर.

राहता राहिले ते साडेतीनशे. पेढे आनंदाने घ्या, एक तिथेच तोंडात टाका, आणि म्हणा, ‘वहिनी, पेढे छान आहेत. बिल मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण घेईन.’ तोंडी ठरलेल्या दराला हे बोलणे जड जाते, लिहिलेल्या बिलाला जात नाही. म्हणून या अंकाच्या मधल्या पानावर बिलाचा एक नमुना छापला आहे. माल आणि मजुरी यांचे रकाने वेगळे, आगाऊ रक्कम वेगळी, जुने सामान कोणाकडे राहिले याची एक ओळ, कामाची मुदत आणि हमी, आणि तळाशी गिऱ्हाइकाला दोन शब्द लिहायला मोकळी जागा व सही. पान कापून झेरॉक्स काढा, दिवाळीच्या कामांत वापरून पाहा आणि कुठला रकाना कमीजास्त हवा ते कळवा. सुधारलेला नमुना डिसेंबरच्या अंकात देऊ.